मोठी बॅटरी, लांब दिवस

भंडारा जिल्हा धानाच्या शेतीसाठी आणि तलावांसाठी ओळखला जातो, तसाच तो तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणींसाठीही ओळखला जातो. आणि हाती किंवा पाठीवर वागवायचे एखादे उपकरण अधिक वेळ कसे चालवावे, या प्रश्नाचा विचार या जिल्ह्यात करायचा झाल्यास त्याचा आरंभ शेतापेक्षा खाणीपासून करणे अधिक सयुक्तिक ठरते. तुमसर-तिरोडी रेल्वेमार्गाच्या परिसरात चिखला आणि डोंगरी बुजरुक या दोन जुन्या खाणी आहेत. त्यांचा कारभार पाहणाऱ्या मॉयल या सरकारी कंपनीचे मूळ १८९६ साली स्थापन झालेल्या एका ब्रिटिश सिंडिकेटपर्यंत जाते. १९६२ मध्ये तिची सूत्रे भारताकडे आली आणि १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. चिखल्याची खाण भूमिगत आहे, तर डोंगरी बुजरुकची खाण उघडी, म्हणजे वरचा दगड दूर सारून थेट आकाशाखाली खोदली जाणारी आहे. देशातले बहुतांश मँगनीज पोलादाच्या भट्ट्यांकडे जाते. डोंगरी बुजरुकचे वैशिष्ट्य असे, की तेथे मिळणाऱ्या धातुकात मँगनीज डायऑक्साइडचे प्रमाण मोठे असल्याने ते कोरड्या सेलच्या उद्योगात वापरले जाते.

या मार्गावरच्या गावांतून सेलवरच्या टॉर्चच्या उजेडात रात्री धुऱ्यावरून चालणाऱ्या माणसांच्या किती पिढ्या गेल्या असतील. त्यांच्या हातातल्या सेलच्या आत जो काळा भुगा भरलेला असतो, त्याचा मुख्य घटक त्यांच्याच तालुक्यातल्या डोंगरातून निघतो, ही गोष्ट शालेय पुस्तकांत यायला हवी इतकी मोलाची आहे. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ मध्ये जो सेल बनवला, त्याच्यात जस्त, कार्बनची कांडी, नवसागराचे द्रावण आणि मँगनीज डायऑक्साइड हे चार घटक होते. पुढे द्रावणाची जागा ओलसर लगद्याने घेतली आणि सांडण्याची भीती नसलेला कोरडा सेल तयार झाला. सेल चालू असताना बाहेरच्या जस्ताच्या डबीतून इलेक्ट्रॉन सुटतात, तारेतून व बल्बमधून फिरून कार्बनच्या कांडीपाशी येतात आणि तेथे मँगनीज डायऑक्साइड ते स्वीकारतो. स्वीकारण्याची ही क्षमता संपली, किंवा जस्त खाल्ले जाऊन संपले, की सेल संपला. शुद्ध मँगनीज डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूने एक इलेक्ट्रॉन घेतला असे धरले, तर १ ग्रॅम पदार्थातून सुमारे ३०८ मिलिअँपिअर-तास इतकाच विद्युतभार मिळू शकतो. सेलचा कारखानदार कितीही कुशल असला तरी ही मर्यादा त्याला ओलांडता येत नाही. त्याच्या हाती दोनच गोष्टी असतात : पदार्थ अधिक शुद्ध करणे, आणि तो अधिक भरणे.

पहिल्या मार्गाचेही उदाहरण डोंगरी बुजरुकलाच सापडते. तेथे मॉयलने विद्युत-अपघटनाने मँगनीज डायऑक्साइड बनवणारा प्रकल्प देशी तंत्रज्ञानावर उभारला आहे. या पद्धतीत धातुकातले मँगनीज गंधकाम्लात विरघळवून घेतात, त्यातील लोहासारख्या अशुद्धी काढून टाकतात आणि मग तापवलेल्या द्रावणातून वीज सोडून धन विद्युतअग्रावर डायऑक्साइडचा गडद थर साठवतात. खाणीतून सरळ आलेल्या भुकटीपेक्षा हा पदार्थ शुद्ध तर असतोच, शिवाय त्याच्या स्फटिकांची रचना अशी असते की इलेक्ट्रॉन स्वीकारण्याची क्रिया अधिक सुलभपणे होते; म्हणून त्याच मापाच्या डबीत त्याचा सेल अधिक वेळ चालतो.

दुसरा मार्ग, म्हणजे पदार्थ अधिक भरण्याचा, हाच या प्रकरणाचा मुख्य विषय आहे. रिमोटमध्ये घालतात तो पेन्सिल सेल आणि जुन्या टॉर्चमध्ये घालतात तो मोठा सेल शेजारी ठेवले तर दोहोंवर १.५ व्होल्ट हाच आकडा छापलेला दिसतो. पेन्सिल सेलचा व्यास साधारण १४ मिलिमीटर आणि मोठ्या सेलचा ३४ मिलिमीटरच्या आसपास असतो. उंचीत फार फरक नसला तरी व्यास दुप्पट झाला की आकारमान चौपट होते, या भूमितीच्या नियमामुळे मोठ्या सेलमध्ये पेन्सिल सेलच्या सहापटीहून अधिक माल मावतो. अल्कलाइन जातीच्या पेन्सिल सेलची क्षमता अडीच अँपिअर-तासांच्या जवळपास, तर त्याच जातीच्या मोठ्या सेलची पंधराच्या जवळपास असते. अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअर इतका प्रवाह एक तास वाहिल्यास जेवढा विद्युतभार जातो तेवढा. बॅटरीत किती साठा आहे ते या एककाने सांगतात, तर तो साठा किती जोराने बाहेर ढकलला जाईल ते व्होल्ट सांगतात.

या दोन राशींची गल्लत बाजारात, आणि त्यामुळे शेतातही, वारंवार होते. माजी मालगुजारी तलावाची पाळ उंच केली तर तुडुंब भरल्यावर पाटात पडणाऱ्या पाण्याचा जोर वाढतो. पाळीची उंची तीच ठेवून तलावाचा घेर वाढवला तर जोर तेवढाच राहतो, मात्र पाणी अधिक दिवस पुरते. व्होल्ट म्हणजे पाण्याची उंची आणि अँपिअर-तास म्हणजे तलावाचा घेर असे समजले, की तीन मोठे सेल एकापुढे एक घातलेला टॉर्च दोन सेलांच्या टॉर्चपेक्षा प्रखर का असतो आणि तरीही तो जास्त रात्री का चालत नाही, याचा उलगडा होतो. सेल एकापुढे एक जोडणे म्हणजे एकसर जोडणी. तिच्यात व्होल्ट वाढतात. धन टोकाला धन आणि ऋण टोकाला ऋण जोडणे म्हणजे समांतर जोडणी. तिच्यात व्होल्ट तेवढेच राहून साठा वाढतो. चालण्याचा वेळ वाढवायचा असेल तर साठा वाढवावा लागतो. बारा व्होल्टच्या मोटारीला दोन बारा व्होल्टच्या बॅटऱ्या एकसर जोडल्या तर वेळ वाढत नाही, मोटार मात्र जळते.

या सगळ्या विचाराची खरी कसोटी आज भंडारा जिल्ह्यात जेथे लागते ते उपकरण म्हणजे पाठीवरचा फवारणी पंप. ज्या पंपाला डाव्या हाताने सतत दांडा मारावा लागे त्याच्या जागी गेल्या काही वर्षांत चार्जिंगचा पंप आला. त्यात बहुधा १६ लिटरची टाकी, तिच्या तळाशी १२ व्होल्टची छोटी मोटार आणि एक बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते. ही बॅटरी दुकानात ८ किंवा १२ अँपिअरची म्हणून विकली जाते, मात्र तो आकडा प्रवाहाचा नसून अँपिअर-तासांचा असतो. खरिपाचे पऱ्हे रोवून झाले आणि धान फुटव्यावर आले, की खोडकिडा, गादमाशी, करपा आणि पुढे तुडतुडे यांच्याशी सामना सुरू होतो आणि साकोली, लाखनी, मोहाडी, पवनी, लाखांदूर अशा सर्वच तालुक्यांत बांध्याबांध्यांतून हे पंप दिसू लागतात. किती फवारणी झाली ते येथे लिटरमध्ये सांगितले जात नाही; एकराला इतके पंप असे सांगितले जाते, म्हणजे इतक्या वेळा टाकी भरली.

फवारणीसाठी हेक्टरी ५०० लिटर पाणी ही नेहमीची शिफारस धरली, तर एकराला २०० लिटर, म्हणजे साडेबारा पंप होतात. नोझलमधून मिनिटाला ८०० मिलिलिटर द्रावण बाहेर पडत असेल तर एक पंप रिकामा व्हायला २० मिनिटे लागतात आणि टाकी भरण्याचा वेळ सोडून एकराची निव्वळ फवारणी २५० मिनिटांची, म्हणजे चार तास दहा मिनिटांची होते. मोटार या काळात सरासरी २ अँपिअर प्रवाह घेते असे मानू. साधा भागाकार केला तर ८ अँपिअर-तासांच्या बॅटरीने चार तास आणि १२ अँपिअर-तासांच्या बॅटरीने सहा तास काम द्यायला हवे. म्हणजे लहान बॅटरी एकराला जवळजवळ पुरी पडावी. प्रत्यक्षात ती पुरत नाही. सातव्या-आठव्या पंपानंतर फवाऱ्याचा शंकू आकसू लागतो, बारीक तुषारांऐवजी थेंब पडू लागतात आणि शेतकरी बॅटरीला किंवा ती विकणाऱ्याला दोष देतो. दोष बहुतेक वेळा दोघांचाही नसतो. तो भागाकाराचा असतो.

शिसे-आम्ल बॅटरीवर छापलेली क्षमता ती वीस तासांत हळूहळू रिती केली असताना मोजलेली असते. ८ अँपिअर-तास म्हणजे ०.४ अँपिअरने वीस तास. त्याहून जास्त प्रवाह ओढला की आतल्या पट्ट्यांच्या छिद्रांपर्यंत आम्ल पोहोचायला सवड मिळत नाही, साठ्याचा काही भाग वापराविना राहून जातो आणि बॅटरी वेळेआधी संपल्यासारखी होते. विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन संशोधकाने १८९७ मध्ये या घटीचा नियम मांडला : प्रवाह दुप्पट झाला की वेळ निम्म्यापेक्षाही कमी होतो, आणि किती कमी होतो ते बॅटरीच्या घडणीनुसार ठरणाऱ्या एका घातांकावर अवलंबून असते. तो घातांक १.२ धरून हिशेब केला तर २ अँपिअर प्रवाहाला ८ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे २ तास ५४ मिनिटे, म्हणजे साडेआठ पंपांपर्यंत चालते. १२ अँपिअर-तासांची बॅटरी ४ तास ४३ मिनिटे, म्हणजे चौदा पंपांपर्यंत जाते. साठा दीडपट झाला आणि वेळ मात्र जवळपास १.६३ पट झाला. मोठ्या बॅटरीचा हा लाभ सहसा सांगितला जात नाही : तोच प्रवाह मोठ्या बॅटरीला हलका वाटतो आणि म्हणून तिच्यातला प्रत्येक अँपिअर-तास अधिक पूर्णपणे हाती येतो.

याच नियमाची दुसरी बाजू डबल मोटारच्या पंपात दिसते. दोन मोटारी मिळून ४ अँपिअर प्रवाह घेत असतील, तर १२ अँपिअर-तासांची बॅटरीही जेमतेम दोन तास टिकते, म्हणजे एका मोटारीच्या पंपातल्या लहान बॅटरीपेक्षाही कमी. फवारा जोरकस मिळतो आणि दोन नोझल चालवता येतात हे खरे. पण मोठी बॅटरी आहे म्हणून पंप जास्त वेळ चालेल, हे गृहीतक येथे साफ खोटे ठरते. उपकरणाचा वेळ बॅटरीवर छापलेल्या आकड्यात नसतो, तो त्या आकड्याच्या आणि ओढल्या जाणाऱ्या प्रवाहाच्या नात्यात असतो.

दोन लहान बॅटऱ्या घेऊन काम भागवणारेही आहेत. एक पंपात आणि दुसरी धुऱ्यावर सावलीत ठेवली, तर पहिली उतरल्यावर टाकी भरतानाच अदलाबदल करता येते आणि पाठीवरचे ओझे वाढत नाही. ८ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या अशा एकीमागून एक वापरल्या तर वरच्या हिशेबाने ५ तास ४८ मिनिटे मिळतात. त्याच दोन समांतर जोडून एकदम वापरल्या तर प्रत्येकीवरचा भार निम्मा होऊन ६ तास ४० मिनिटे मिळतात. पाऊण तासाहून अधिकचा हा लाभ अडीच किलोचे जादा ओझे सोसून घ्यायचा की नाही, हे चिखलात चालणाऱ्यानेच ठरवायचे. समांतर जोडणीत एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळायला हवे : जुनी आणि नवी, किंवा भरलेली आणि उतरलेली बॅटरी एकमेकींना जोडू नये, कारण भरलेलीतून उतरलेलीकडे जोराचा प्रवाह धावतो आणि तारा तापतात. मोटारसायकलची पाणी घालायची बॅटरी पाठीवरच्या पंपाला जोडण्याचा उद्योग तर कोणीच करू नये. वाकताना तिच्यातले आम्ल सांडते आणि ते थेट पाठीवर येते.

ओझ्याचा प्रश्न गौण नाही. बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी एका किलोमागे ३० ते ४० वॉट-तास इतकीच ऊर्जा साठवते. वॉट-तास म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार. त्या मापाने ८ अँपिअर-तासांची बॅटरी ९६ वॉट-तासांची आणि १२ अँपिअर-तासांची १४४ वॉट-तासांची ठरते, आणि दोहोंच्या वजनात किलो-सव्वा किलोचा फरक पडतो. १६ लिटर द्रावणाचे वजनच सोळा किलो असताना हा फरक किरकोळ वाटतो. पण द्रावण दर मिनिटाला कमी होत जाते आणि बॅटरी पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत तेवढीच जड राहते. पोटरीपर्यंत रुतणाऱ्या बांधीत साडेबारा पंपांच्या चालीत ते वजन जाणवल्याशिवाय राहत नाही.

ओझे आणि वेळ यांची ही सांगड कामगारांच्या जगात बरीच आधी खाणीत घातली गेली. अमेरिकेत १९१५ च्या सुमारास थॉमस एडिसनने खाणकामगारांसाठी जो विजेचा दिवा बनवला, त्यात प्रकाशाचा भाग टोपीवर आणि बॅटरी कमरेच्या पट्ट्यावर, अशी विभागणी केली होती. पूर्ण पाळीभर पुरेल इतकी मोठी बॅटरी डोक्यावर ठेवणे अशक्य होते. कमरेवर ती पेलता येत होती. चिखल्यासारख्या भूमिगत खाणींत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला टोपीचा दिवा याच रचनेचा : ४ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी कमरेला आणि तिथून हेल्मेटपर्यंत जाणारी जाड वायर. येथे बॅटरीचा आकार व्यापाऱ्याने किंवा हौसेने ठरवला नाही, पाळीच्या तासांनी ठरवला. आठ तासांची पाळी, खाली उतरण्याचा आणि वर येण्याचा वेळ, आणि अडकून पडल्यास हाताशी असावी अशी शिल्लक, यांची बेरीज करून मग बल्बच्या प्रवाहाने गुणले की अँपिअर-तास निघतात. उपकरणाला बॅटरी निवडण्याची याहून चोख रीत नाही. फवारणी पंप घेणाऱ्याने नेमकी हीच बेरीज करावी, आणि ती क्वचितच केली जाते.

पुढे त्या दिव्याचे जे झाले तेही लक्षात घेण्याजोगे आहे. तंतूच्या बल्बच्या जागी एलईडी आला, तेवढ्याच उजेडाला लागणारी वीज अनेक पटींनी घटली, आणि लिथियमच्या सेलने वजन आणखी उतरवले. परिणामी कमरेची जड पेटी जाऊन काही शे ग्रॅमचा दिवा पाळीभर जळू लागला. बॅटरी मोठी न करता वेळ वाढवण्याचा हा मार्ग, म्हणजे उपकरणाची भूक कमी करणे, सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत उशिरा आठवतो. फवारणी पंपातही झिजलेला नोझल बदलणे, गाळणी धुणे आणि दाब भरल्यावर मोटार थांबवणारा स्विच ठीक ठेवणे यांनी मोटारीचा फुकाचा प्रवाह वाचतो.

बॅटरी मोठी करणे मुळीच शक्य नसते, अशीही उपकरणे आहेत आणि त्यांचे एक गाजलेले उदाहरण भंडाऱ्याच्याच भूमीतले आहे. नागझिऱ्यात जन्मलेला आणि पुढे नागपूर व भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात स्थिरावलेला जय हा वाघ देशभर प्रसिद्ध झाला होता. २०१५ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवण्यात आली. एप्रिल २०१६ नंतर त्याचा माग लागला नाही, आणि त्याच्या शोधाने पवनी परिसरासह सारा विदर्भ व्यापून गेला. प्राण्याच्या गळ्यातले उपकरण त्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांपेक्षा, आणि अनेक अभ्यासकांच्या मते तीन टक्क्यांपेक्षा, जड असू नये असा संकेत आहे. वाघाच्या बाबतीत तर ते याहूनही हलके ठेवतात, कारण शिकार करताना मानेवरच सारा जोर येतो. बॅटरीची मर्यादा अशी आधीच ठरून गेल्यावर वेळ वाढवण्यासाठी उरतो तो फक्त प्रवाहाचा हिशेब : उपग्रहांकडून ठिकाण दर तासाला घेतले तर दिवसाला २४ नोंदी होतात, दर चार तासांनी घेतले तर सहाच होतात आणि त्या कामाचा खर्च चौथाईवर येतो, पण त्या चार तासांत वाघ कोठे फिरला ते कळत नाही. कॉलर बंद पडण्याची कारणे धक्क्यापासून अँटेनाच्या मोडतोडीपर्यंत अनेक असू शकतात आणि त्यांतल्या कित्येकांवर मोठी बॅटरी हा उपायच नसतो.

मोबाइल आणि पॉवर बँक यांबाबत थोडक्यात एवढेच, की पॉवर बँकेवर छापलेले २०,००० मिलिअँपिअर-तास हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. फोनला ते ५ व्होल्टवर चढवून द्यावे लागत असल्याने आणि त्या रूपांतरात उष्णता होऊन काही ऊर्जा जात असल्याने प्रत्यक्ष हाती येणारा आकडा बराच लहान असतो. दोन पॉवर बँकांची तुलना करायची तर वॉट-तासांवरून करावी.

फवारणी पंपातही आता लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत. त्यांचे वजन तेवढ्याच ऊर्जेसाठी शिशाच्या बॅटरीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतके असते आणि जास्त प्रवाह ओढला तरी त्यांची क्षमता शिशाइतकी घटत नाही. म्हणून तोच आकडा छापलेली लिथियम बॅटरी जास्त पंप देते. मात्र जुन्या पंपात ती बसवताना जुना चार्जर वापरणे धोक्याचे आहे. तीन सेलांची लिथियम-आयन बॅटरी १२.६ व्होल्टला पूर्ण भरते, तर शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर १४ व्होल्टच्या पुढे जातो. आत संरक्षक सर्किट नसेल किंवा ते निकामी झाले असेल तर सेल फुगतात आणि पेटही घेऊ शकतात. बॅटरी बदलली की चार्जर बदललाच पाहिजे, हे विकणाऱ्याने सांगायला हवे आणि घेणाऱ्याने विचारायला हवे. शिशाची मोठी बॅटरी लहानीच्या चार्जरवर चालते, पण वेळ घेते : १ अँपिअरच्या चार्जरवर १२ अँपिअर-तासांची पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला चौदा तासांच्या आसपास लागतात, आणि रात्री वीज गेली तर सकाळी ती अर्धीच भरलेली मिळते.

शिसे-आम्ल बॅटरीला पूर्ण रिती होणे सोसत नाही. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि क्षमता कायमची घटते. दरवेळी पूर्ण उतरवली तर जी बॅटरी दोनशे-अडीचशे वेळा भरता येते, तीच दरवेळी निम्मीच वापरली तर साधारण दुप्पट वेळा भरता येते. धानाची कापणी झाल्यावर पंप कोठीत जातो तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत. मध्ये भंडाऱ्याचा उन्हाळा असतो. साधारण तापमानाला महिन्याला काही टक्के आपोआप उतरणारी बॅटरी ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कित्येक पट वेगाने उतरते. म्हणून ती भरून ठेवणे, पत्र्याखाली न ठेवता घरातल्या गार कोपऱ्यात ठेवणे आणि दर दोन महिन्यांनी एकदा चार्ज करणे आवश्यक असते. नव्या हंगामात बॅटरी चालत नाही अशी तक्रार येते तेव्हा तिचे मरण बहुधा एप्रिल-मे महिन्यांतच होऊन गेलेले असते.

आता राहिला तो माणसाचा प्रश्न, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी पुढे आलेल्या कारणांत जहाल कीटकनाशकांची मिश्रणे, डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी आणि संरक्षक साधनांचा अभाव यांच्याबरोबरच वेगाने बारीक फवारा सोडणाऱ्या पंपांचाही उल्लेख झाला. दांडा मारायच्या पंपाने फवारणाऱ्याचा हात दोन-तीन तासांत भरून येई आणि तो थांबे. ती थकण्याची मर्यादा कष्टाची होती, पण ती विषाच्या संपर्कालाही मर्यादा घालत होती. बॅटरीने हात मोकळा केला, हे निःसंशय चांगले झाले. पण मोठ्या बॅटरीने थांबण्याचे कारणच काढून घेतले तर उपकरणाचा वाढलेला वेळ माणसाच्या फुप्फुसांच्या आणि कातडीच्या हिशेबात जमा होतो, आणि रोजंदारीवर फवारणाऱ्या मजुराच्या बाबतीत तो कोणी मोजतही नाही. चौदा पंप मारणारी बॅटरी आहे म्हणून एकाच माणसाकडून सलग चौदा पंप मारून घेणे हा तिचा गैरवापर आहे.

फवारणी सकाळी किंवा सायंकाळी, वारा पडलेला असताना आणि ऊन चढण्याआधी करावी, असे कृषी खाते आणि विद्यापीठे सांगत आली आहेत. त्याप्रमाणे एका सकाळी अर्धा एकर धरला, तर निव्वळ फवारणी १२५ मिनिटांची होते आणि तेवढ्याला ८ अँपिअर-तासांची बॅटरीही पुरते. मग १२ अँपिअर-तासांची घ्यावीच कशाला, असा प्रश्न रास्त आहे. ती घ्यावी, आणि ती कमी वापरण्यासाठीच घ्यावी. अर्ध्या एकराला लहान बॅटरीचा सत्तर टक्क्यांहून अधिक साठा खर्ची पडतो, मोठीचा पंचेचाळीस टक्क्यांच्या आतच राहतो. त्यामुळे शेवटच्या पंपापर्यंत दाब टिकून तुषार बारीक येतात, रात्री चार-पाच तासच वीज मिळाली तरी खर्च झालेला साठा बराचसा भरून निघतो, आणि पट्ट्यांवर सल्फेट धरायला सवड मिळत नसल्याने बॅटरी अधिक हंगाम काढते. एकराचा उरलेला अर्धा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी करावा, किंवा त्याच सकाळी दुसऱ्या माणसाने करावा आणि पहिल्याने अंग धुऊन कपडे बदलावेत.